ताईला बोलायची बंदी आहे तोवर

१२ जानेवारी

ताई,

घशाचं ऑपरेशन नीट झालं आणि पुढचे काही महिने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही अशी डॉक्टरांनी तुला तंबी दिली आहे, हे तुझ्या लेकीकडून कळलं. आधी काळजी वाटली. मग, रागावू नकोस, पण हसू आलं. जन्मात पहिल्यांदा मला तुझ्याशी मधे न अडवलं जाता बोलता येणार आहे. फोन तू तसाही माझा उचलत नाहीस. म्हणून पत्र. फाडायचं असेल तर निदान पहिलं पान वाचून फाड, कारण बातमी तुझ्या शाळेची आहे.

शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीचा पाया खणत होते. त्यात तुझ्या शाळेच्या मागच्या भिंतीला भेग गेली. गच्चीपासून खालपर्यंत, हात आत जाईल एवढी. सुट्टीचा दिवस होता, आत कोणी नव्हतं, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण नगरपालिकेच्या लोकांनी जिना बंद केला आणि दाराला सील ठोकलं. सोमवारी सकाळी तुझी सगळी मुलं टाय लावून, बूट चकचकीत करून रस्त्यावर उभी. तुझ्या छोट्या बाई मोठ्या धीराच्या. गेल्या वर्षीच कॉलेजातून बाहेर पडलेली पोर, पण घाबरली नाही. मुलांना भिंतीकडेला बसवलं आणि पाढे सुरू केले. पाढा चालू असताना ट्रक आला की मुलं थांबायची, ट्रक गेला की पुढचा आकडा.

मी रस्त्याच्या या बाजूला, आमच्या सरकारी शाळेच्या फाटकातून बघत होते. माझ्याकडे निम्म्याहून जास्त खोल्या वर्षानुवर्षं बंद आहेत, मैदान आहे, झाडं आहेत, नळाला पाणी आहे. नाही ती फक्त मुलं. मी रस्ता ओलांडला आणि छोट्या बाईंना म्हटलं, सगळ्यांना घेऊन आत या. त्या म्हणाल्या, मोठ्या बाईंना विचारायला हवं. मी म्हटलं, मोठ्या बाईंना सध्या नाही म्हणता येत नाही, तेवढ्यात या.

हे असं बोलायला नको होतं. पण मुलं आत आली.

तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. याच फाटकातून तू राजीनामा देऊन, समोर स्वतःची इंग्रजी शाळा काढायला बाहेर पडलीस तेव्हा मला म्हणाली होतीस, "माझ्याबरोबर चल, नाहीतर बस इथे रिकाम्या बाकांसमोर." मी बसले. बाकं रिकामी होत गेली, वर्षाला एकेक रांग. तुझं खरं ठरलं. पण ती बाकं आता कामाला आली आहेत, एवढंच सांगते.

घशाला जप.

तुझी धाकटी


२२ जानेवारी

ताई,

कार्ड मिळालं. तुझ्या लाल शाईतल्या दोन ओळी: "माझी मुलं वेगळी बसव. तुझ्यात मिसळू देऊ नकोस." पत्ता लेकीने लिहिलेला दिसतो, त्यात माझ्या नावाची वेलांटी चुकली होती तर तीही तू दुरुस्त केलीस. चार वर्षांनी अक्षर पाहिलं. तसंच आहे, अंगावर येणारं.

हुकूम पाळला आहे. पूर्वेकडच्या खोल्या तुझ्या, पश्चिमेकडच्या माझ्या. सकाळी मैदानात दोन प्रार्थना होतात, एक इंग्रजी आणि एक आपली, दोन्ही एकाच वेळी. कोणाचा आवाज मोठा याची चुरस लागते आणि मधल्या झाडावरचे पक्षी उठून जातात.

आमचे गुरुजी तुला आठवत असतील. निवृत्तीला टेकलेले, पहिला तास चहाला अर्पण करणारे. पहिल्याच दिवशी ते नेहमीप्रमाणे उशिरा आले, तर तुझी पोरं उठून उभी राहिली आणि एका सुरात "गुड मॉर्निंग, सर" म्हणाली. गुरुजी दारातच थबकले. आयुष्यात त्यांना कोणी असं उभं राहून काही म्हटलं नसावं. दुसऱ्या दिवशी ते घंटेच्या आधी हजर. आता रोज असतात. दाढी करून येतात.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्याकडे ती लाकडी पाटी आहे ना, इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायची? मधल्या सुट्टीत ती तुझ्या एका मुलाच्या गळ्यात होती. माझ्या पोरांना वाटलं ते काहीतरी बक्षीस आहे. त्यांनी विचारलं, हे मिळवायला काय करावं लागतं? तो म्हणाला, आपल्या भाषेत बोलावं लागतं. झालं. पाच मिनिटांत छोट्या बाईंसमोर रांग लागली. जो तो घसा खरवडून बोलत होता आणि गळा पुढे करत होता. छोट्या बाईंनी शेवटी पाटी कपाटात ठेवली. ताई, मी फक्त हसले.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायची की नाही यावर सकाळपासून घोळ चालला आहे. लिहूनच टाकते. पट कमी असलेल्या शाळा बंद करून त्यांची मुलं लांबच्या शाळांत पाठवायची, अशी एक यादी निघाली आहे. त्यात आपली शाळा आहे. आपली म्हणजे माझी. मार्चमध्ये शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येतील. मुलांना सांगितलेलं नाही. तुझ्या मुलांसाठी फाटक उघडलं त्यामागे हे नव्हतं. तू हाच विचार करशील, म्हणून आधीच सांगते.

धाकटी


३ फेब्रुवारी

ताई,

तुझा हुकूम मोडला. आधी कबूल करते, मग कारण सांगते.

तुझ्या तब्येतीची चौकशी करणारं पत्र चौथीकडून लिहून घ्यावं असं छोट्या बाईंच्या मनात आलं. मला कल्पना आवडली, मी माझ्या चौथीलाही बसवलं. तासाभराने दोन्ही गठ्ठे टेबलावर आले. तुझ्या मुलांचं अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी स्वच्छ आणि पत्र एकच. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. आपण मजेत असून तुम्हीही मजेत असाल अशी आशा आहे. पाठ केलेलं. एकाने तर खाली वडिलांना सप्रेम नमस्कारही सांगितला होता, कारण मूळ पत्र मित्राला होतं. माझ्या मुलांनी फळ्यावरची तारीख उतरवली, "प्रिय मोठ्या बाई" उतरवलं आणि पुढे कागद कोरा. एकाने भेग पडलेल्या भिंतीचं चित्र काढलं होतं. चित्र फार चांगलं होतं.

मी आणि छोट्या बाईंनी दोन्ही गठ्ठे पुन्हा चाळले. मग ती पोर हळू आवाजात म्हणाली, "बाई, माझी मुलं वाचतात तेव्हा मला वाटतं त्यांना कळतं. मी कधी विचारलंच नाही."

मी म्हटलं, "माझी मुलं बोलतात तेव्हा मला वाटतं त्यांना लिहिताही येत असेल. मीही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिसरी, चौथी आणि पाचवी, दोन्हीकडची, मैदानात बसवली. एकेकाला जवळ घेऊन चार ओळींची गोष्ट वाचायला दिली आणि त्यावर बोलायला लावलं. कोण कितवीत आहे, टाय आहे की नाही, हे बघितलं नाही. ज्याला जेवढं जमतं तेवढ्यांचा एक गट. अक्षरं जुळवणाऱ्यांचा गट गुरुजींनी मागून घेतला. शब्द वाचणारे छोट्या बाईंकडे. वाचून गोष्ट सांगू शकणारे माझ्याकडे. तो गट सगळ्यांत लहान निघाला, आणि त्यात तुझी किती, माझी किती ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर आपलं भांडण पुन्हा सुरू झालं असतं.

रोज सकाळचा पहिला तास असा. उरलेला दिवस तुझी मुलं तुझ्या खोल्यांत, तुझ्या पुस्तकांवर.

आणि पत्रं. एकच नियम केला: मोठ्या बाईंना बोलता येत नाही, वाचता येतं, तेव्हा तुम्हाला जे खरोखर विचारायचं आहे तेच लिहा. कोणत्याही भाषेत लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याने बोलावं, शेजाऱ्याने लिहावं, मग पहिल्याने ते बघून उतरवावं. दोन दिवस नुसता कलकलाट. शेजारी चुकीचं लिहितोय अशा तक्रारी. सोबत ती पत्रं पाठवते आहे. कोणतं कोणत्या शाळेतलं हे लिहिलेलं नाही. टाय पाकिटात मावत नाही.

धाकटी


१७ फेब्रुवारी

ताई,

मला एक ओळ नाही आणि पोरांना एवढं मोठं पार्सल. चालायचंच.

ते उघडलं तेव्हा तू इथे असायला हवी होतीस. प्रत्येक पत्र तपासलेलं, प्रत्येक चुकीखाली लाल रेघ, आणि प्रत्येकाच्या खाली उत्तर. आधी मला वाटलं, इतका लाल रंग बघून पोरं हिरमुसतील. कसलं काय. ज्याच्या कागदावर जास्त लाल त्याचा मान मोठा, असा हिशेब त्यांनी लगेच ठरवला. एक जण रडवेला होऊन आला, माझ्यात दोनच चुका काढल्या, बाईंनी माझं नीट वाचलं नाही.

"तुमचा घसा आतून कुठल्या रंगाचा आहे, आणि गप्प बसल्यावर मनातले शब्द कुठे जातात?" या पत्राला तू दोन पानी उत्तर लिहिलं आहेस. पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलेला गुलाबी घसा, त्यातल्या दोन दोऱ्या, त्यांच्यावरच्या गाठी, आकृतीसकट. शब्द कुठे जातात याचं उत्तर "अजून शोधते आहे" असं दिलंस. आणि खाली: "ही माझी डॉक्टरीणच असणार. दुसऱ्या कोणाला असे प्रश्न पडतात!"

ताई, ती तुझी डॉक्टरीण नव्हे. ती आमची खारूताई. कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करतात त्या बाईंची मुलगी. एका जागी बसत नाही म्हणून खारूताई. तीन वर्षांपूर्वी आई तिला तुझ्याकडे घेऊन आली होती. रंगांची नावं इंग्रजीत येईनात म्हणून तू घेतली नाहीस. तुला टोमणा मारायला हे लिहीत नाही. माझ्याकडे तीन वर्षं होती आणि तिच्या पोटात एवढे प्रश्न आहेत हे मलाही कळलं नव्हतं. वर्गात ती चुळबुळ करते एवढंच मी बघत होते.

आता तुझ्या डॉक्टरिणीचं. टायरच्या दुकानवाल्यांची मुलगी, पाहुणे आले की उभं राहून इंग्रजीत "मी डॉक्टर होणार" असं भाषण म्हणते ती. तिने पहिल्या दिवशी तीन कागद फाडले. पाठ केलेलं पत्र लिहायचं नाही म्हटल्यावर तिला काय लिहावं सुचेना. वर्गात पहिली येणारी मुलगी, कोऱ्या कागदासमोर रडू लागली. खारूताई तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "तुला काही विचारायचं नसेल तर सांगायचं काही आहे का?" ती नाही म्हणाली. मग दुपारभर दोघी झाडाखाली होत्या. खारूताई बोलत होती, डॉक्टरीण लिहून देत होती. खारूताईचं उतरवणं अर्धंच झालं होतं, म्हणून तुला आलेलं ते घशाचं पत्र डॉक्टरिणीच्या अक्षरात होतं, आणि तू फसलीस.

आता दोघी एका बाकावर बसतात. खारूताई तिच्याकडून जोडाक्षरं शिकते, आणि ती खारूताईकडून, काय म्हणू, शंका काढायला शिकते. काल डॉक्टरिणीने स्वतःचं पहिलं पत्र दिलं. इथे जोडलं आहे, पण एक वाक्य मीच तुला लिहून दाखवते: "मोठ्या बाई, मला डॉक्टर व्हायचं आहे असं मी म्हणते कारण सगळे टाळ्या वाजवतात. मला काय व्हायचं ते मला अजून माहीत नाही. चालेल का?"

त्याला उत्तर नीट विचार करून लिही.

धाकटी


४ मार्च

ताई,

डॉक्टरिणीला तू जे लिहिलंस ते तिने मला वाचू दिलं नाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आहे. दिवसातून दोनदा काढून बघते. मला आलेल्या तुझ्या कार्डावर मात्र, गुरुजींनी गठ्ठ्याला जोडलेल्या चिठ्ठीवरून, फक्त एवढंच: "गुरुजींना सांग, 'परीक्षा' असं लिहितात, 'परिक्षा' नव्हे." गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, मोठ्या बाईंनी माझंही तपासलं? आणि दिवसभर खुशीत होते.

टायरवाले परवा आले होते. त्यांचा पारा चढला होता. मुलगी घरी सगळ्यांना प्रश्न विचारते, डॉक्टर व्हायचं नाही म्हणते आणि इस्त्रीवाल्यांच्या मुलीबरोबर डबा खाते, हे सगळं त्यांना सहन होत नव्हतं. गावाबाहेरच्या त्या मोठ्या शाळेत, बसगाड्यांवाल्या, तिचं नाव घालायचं ठरवून ते तिला न्यायलाच आले होते. मी म्हटलं, ती मैदानात आहे, चला.

मैदानात झेंड्याच्या खांबाची उंची काढायचं चाललं होतं. खांबावर चढायची परवानगी नाही, ही अट. डॉक्टरीण म्हणत होती, काठी आणि खांब यांच्या सावल्या मोजून गुणोत्तर मांडायचं, पुस्तकात तसंच आहे. खारूताईला गुणोत्तर येत नाही. तिचं म्हणणं, कशाला, काठीची सावली काठीएवढी होईपर्यंत थांबू, तेव्हा खांबाची सावलीही खांबाएवढीच असणार, मग जमिनीवर मोजू. डॉक्टरीण म्हणाली, तसं पुस्तकात नाही. खारूताई म्हणाली, सावलीने पुस्तक वाचलंय का? दोन पक्ष पडले. टायवाले आणि बिनटायवाले दोन्ही पक्षांत सारखेच होते. काठीची सावली काठीएवढी व्हायला अजून वेळ होता.

टायरवाले मुलीला हाक मारणार होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हाक ओठांपर्यंत आली आणि थांबली. मुलगी हातवारे करून, धुळीत आकडे मांडून भांडत होती. त्यांनी हळूच मला विचारलं, "ही घरी एवढी खुलत नाही. इथे रोज अशीच असते?"

मी म्हटलं, "अलीकडे."

ते भिंतीला टेकून उभे राहिले. दुकानातून दोनदा फोन आला, उचलला नाही. सावली जमली तशी मुलांनी दोरी टाकली आणि दोन्ही उत्तरं टीचभर फरकाने जुळली. मग तो टीचभर फरक कोणाचा, यावर नवं भांडण. टायरवाले त्यात पडले. म्हणाले, जमीन सपाट नाही, तिकडे उतार आहे, चाक ठेवून बघा. जाताना मुलीला न घेताच गेले. मोठ्या शाळेचं म्हणशील तर, "बघू" म्हणाले.

गुरुजींनी एक सल्ला दिला तो तुला सांगते. पाहणी तोंडावर आली आहे, तर तुझ्या मुलांची नावं आपल्या हजेरीत चढवावीत, ती रोज इथेच तर बसतात, कोण विचारणार? त्यांची शाळेवर माया आहे, म्हणून म्हणाले. मला मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण मी नाही म्हटलं. मुलं तुझी आहेत. ती तू दिल्याशिवाय मी घेणार नाही.

धाकटी


२० मार्च

ताई,

साहेब येऊन गेले.

माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. सकाळपासून ही त्यांची चौथी शाळा. त्यांनी हजेरी बघितली, मैदानात बघितलं आणि विचारलं, कागदावर एवढीशी मुलं आणि इथे जत्रा भरली आहे, हे काय? मी सगळं सरळ सांगितलं. मग ते मुलांत गेले. टाय लावलेल्या एका मुलाला त्यांनी आपल्या भाषेतलं पुस्तक दिलं आणि खारूताईला इंग्रजी. मुलगा अडखळत वाचून गेला, पण गोष्ट सांगताना हसत होता. खारूताईने पहिली ओळ वाचली, दुसऱ्या ओळीत अडली आणि साहेबांनाच विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? साहेबांनाही तो आला नाही. मग डॉक्टरीण, खारूताई आणि साहेब, तिघांनी मिळून शब्दकोशात शोधला. मला आयुष्यभर ते दृश्य पुरेल.

पण निघताना ते म्हणाले, बाई, मी कौतुक लिहीन, आकडा नाही लिहू शकत. महिनाअखेरपर्यंत ज्यांचे पालक स्वतः येऊन नाव घालतील तेवढीच मुलं तुमची.

तुझ्या घरमालकाचाही निरोप आहे. इमारत पाडायची ठरली. पेट्रोल पंपामागचा हॉल तो तुला द्यायला तयार आहे. मी जाऊन बघून आले. खिडकी एकच आहे आणि ती पंपाकडे उघडते.

पालक रोज विचारतात, पुढे काय. छोट्या बाईंनी तीस तारखेला सभा बोलावली आहे. मी त्यांना काही सांगणार नाही. तू ये. बोलता येत नसलं तरी ये. पालक तुझ्या शब्दावर तुझ्या शाळेत आले होते, तुझ्या शब्दावरच पुढे जातील. पंपामागे जायचं ठरवलंस तर बाकं मी स्वतः पोचवेन, आणि हे मनापासून लिहिते आहे.

धाकटी


६ एप्रिल

ताई,

सभेच्या दिवशी तू दुपारच्या गाडीने तपासणीला परत गेलीस, म्हणून मागे काय झालं ते कळवते. आणि तू फळ्याकडे तोंड करून होतीस, त्यामुळे सभेत तुझ्या पाठीमागे काय झालं तेही तुला पूर्ण माहीत नाही.

सभेआधी ऑफिसात तू मला पाटीवर लिहून दाखवलंस: "तुझ्यावर चिडून पत्रं वाचायला घेतली. मग वाचतच राहिले. माझ्याकडे त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं." मी त्यावर काही बोलायच्या आत तू ते पुसलंस. मला वाटलं, एवढंच सांगायला आली असेल. सभेत पंपामागचा हॉलच जाहीर करेल.

मग तू फळ्यापाशी गेलीस आणि खडू घेतलास. तू लिहीत गेलीस तसतसा एक वडीलधारा माणूस मागच्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवत होता. शाळा इथेच भरेल. फाटक घंटेला बंद, बाईंसाठीही. शाळेच्या वेळात शिक्षकांना दुसऱ्या कामाला पाठवलं तर पालकांनी जाऊन विचारायचं. इंग्रजी पहिलीपासून, पण अर्थासकट. सकाळचा तास गटांचाच. छोट्या बाईंनी शिक्षकाचं रीतसर शिक्षण घ्यायचं, तोवर पालक समितीने त्यांना इथेच ठेवायचं. दोन तास मी शिकवेन, पगाराशिवाय, आणि कोणी आभार मानायचे नाहीत.

मागे काय चाललं होतं माहीत आहे? गुरुजी वहीत उतरवून घेत होते. इस्त्रीवाल्या बाई हात जोडून उभ्या होत्या आणि खारूताई त्यांचे हात खाली ओढत होती. छोट्या बाई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

आणि मग तू वळलीस, पालकांकडे नव्हे, माझ्याकडे बघितलंस, आणि बोललीस. जाड, खरखरीत, तुझा न वाटणारा आवाज. एकच शब्द.

"चालेल?"

चार वर्षांत तू माझ्याशी बोललेला पहिला शब्द, आणि तोही विचारणारा. तू कधी मला काही विचारलंयस? सांगतच आलीस. मी अडीच महिने तुला पानंच्या पानं लिहिणारी, आणि तेव्हा नुसती मान हलवली. तू ती बघितलीस आणि खडूची धूळ माझ्या साडीला पुसलीस.

सगळे आले नाहीत, हेही सांगते. काही जण मोठ्या शाळेत गेले. त्यांनी दाखले मागितले, तू सह्या करून ठेवले होतेस ते मी दिले. एक मुलगा जाताना गुरुजींना "गुड मॉर्निंग" म्हणाला, तेव्हा दुपार होती. गुरुजींनी उठून उत्तर दिलं. बाकीच्यांची रांग ऑफिसातून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून मैदानात गेली. टायरवाले रांगेत नव्हते. मी दोनदा बाहेर डोकावले. ते दुसऱ्या दिवशी आले, मुलीला हाताला धरून, आणि म्हणाले, नाव घाला, फक्त त्या इस्त्रीवाल्यांच्या मुलीशेजारी बसवू नका, दोघी गप्प बसत नाहीत. मी बरं म्हटलं आणि शेजारीच बसवलं. ते खिडकीतून बघत होते. मग दुकानाकडे गेले.

आज साहेबांकडून कळलं, यादीतून नाव काढलं आहे. मी धावतच वर्गात गेले आणि सांगितलं, पोरांनो, आपली शाळा आता बंद होणार नाही. मला वाटलं ओरडतील, उड्या मारतील. त्याऐवजी खारूताई उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे बंद होणार होती?"

मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं. मग जो गदारोळ उठला तो काय सांगू. आम्हाला न विचारता कशी बंद करणार होते? कोणी ठरवलं? डॉक्टरिणीने बाकावर चढून जाहीर केलं की साहेबांना पत्र लिहायचं. पाठ केलेलं नाही, आणि मजेत असाल अशी आशा आहे हेही नाही. सगळ्यांनी लिहिलं. गुरुजींच्या अक्षरं जुळवणाऱ्या गटानेही लिहिलं, एकाच्या कागदावर फक्त "का?" आहे, पण केवढ्या मोठ्या अक्षरात.

गठ्ठा माझ्या टेबलावर होता. साहेबांनी उपकार केलेत, त्यांना असं पाठवणं बरं दिसतं का, असा विचार करत दुपारपर्यंत बसले. तुला विचारावं असं मनात आलं. मग वाटलं, तू आधी शुद्धलेखन तपासायला घेशील आणि आठवडा जाईल.

ताई, मी पाकीट चिकटवलं आणि टपालपेटीत टाकून आले.

धाकटी